चौतीस डावे

हीउमा बेटाला फेरीबोट लागली तेव्हा दुपारचे चार वाजले होते
आणि अंधार पडून तासभर झाला होता.
हेल्वेनं गिरणीचं दार उघडलं.
ओल्या लोकरीचा वास बाहेर आला, मागोमाग मांजर.
ये, बस, काही नाही. टेबलाकडे बोट:
"चौतीस डावे हातमोजे झालेत.
उजवे त्याच्यात अडकलेत."

तो म्हणजे कोपऱ्यातला संगणक,
शनिवारी धूर सोडून कायमचा गप्प झालेला.
विणयंत्र धडधाकट, सुया तेल पिऊन तयार.
पण त्याला कळते एकाच जुन्या प्रणालीची बोली
आणि ती बोलणारं यंत्र आता कुणी करत नाही.

म्हणून माझ्या लॅपटॉपच्या पोटात
मी तसलं एक यंत्र मांडायला घेतलं.
"कुठाय?"
नाहीये. म्हणजे आहे असं धरायचं.
त्याला जराशी मेमरी दिली, आठ जीबीची डिस्क दिली
(डिस्क कसली, एक फाइल).
"आणि वीज?"
वीज तेवढी खरी लागते, हेल्वे.

पहिल्या खेपेला यंत्र उठेचना.
बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद होतं;
चालू केलं, मनातल्या मनात स्वतःला एक टपली मारली.
दुसऱ्या खेपेला इन्स्टॉलर म्हणाला, डिस्क दिसत नाही.
समोर ठेवलीये, बाबा!
पण कंट्रोलर नव्या जातीचा, हा त्याच्या आधी जन्मलेला.
जुन्या आयडीईला जोडून दिली
तशी लगेच डोळे फुटले त्याला.

तिसऱ्या खेपेला बासष्ट टक्क्यांवर बसला तो बसलाच.
मूळ सीडी हेल्वेनं केकच्या डब्यात जपलेली,
तिची प्रत दोनदा काढली, दोनदा वेगळा चेकसम.
हेल्वेनं सीडी माझ्या हातातून घेतली,
मऊ लोकरीच्या चिंधीनं मधून कडेकडे पुसली,
तान्ह्याचं तोंड पुसावं तशी, पण मायेनं नव्हे,
घाईनं.
पुढच्या दोन प्रतींचे आकडे अक्षर न् अक्षर जुळले.

मग ओळ सरकत गेली. सत्तर. नव्वद.
शंभर.
यंत्र मिटलं, उघडलं आणि विचारलं:
"भाषा निवडा."
पहिले पाढे पंचावन्न.
पुन्हा सगळं केलं. पुन्हा शंभर. पुन्हा भाषा निवडा.
मी डिस्कला दोष दिला, मेमरीला दिला,
एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालच्या कुणा अनोळखी माणसाला दिला.
चहा गार. मांजर कीबोर्डवर.

हेल्वे लडी गुंडाळत होती, मान वर न करता म्हणाली,
"सीडी काढलीस का?"
सीडी नाहीच आहे, मी म्हटलं, ती तर डब्यात गेली.
ही प्रतिमा आहे. ड्राइव्हसुद्धा नाही.
"नसलेली घातलीस ना?
मग नसलेली काढ."

काढली.
एक खूण पुसली, इतकंच. आवाज नाही, कप्पा सरकला नाही.
यंत्र मिटलं, उघडलं,
आणि काही न विचारता
राखाडी-हिरवं अंगण पसरून बसलं.
तारीख चुकीची, बारा वर्षं मागची.
"राहू दे," हेल्वे म्हणाली. "तेव्हा मालाला भाव बरा होता."

केबल जोडली. गाडा एकदा इकडून तिकडे गेला,
उजव्या मनगटाच्या चार ओळी उतरल्या,
पाचवीला पोर्ट हरवलं.
ते उद्या.
शेवटची बोट साडेसातला,
आणि जुन्या पोर्टांशी रात्री भांडू नये
हे मी फार उशिरा शिकलोय.

दारात तिनं माझ्या हातावर दोन हातमोजे ठेवले.
दोन्ही डावे.
डेकवर वारा असा की बोलायची सोय नाही.
मी दोन्ही चढवले;
उजव्या हाताचा अंगठा
नको त्या बाजूला आपलं घर शोधत राहिला,
सापडेना म्हणून मुठीत शिरला
आणि तिथंच ऊब धरून बसला.